पेटीतली शाळा: ऊसतोडीच्या पडावावर कितपत चालते?

अ‍ॅल्युमिनियमची पेटी, तिला कुलूप, आत एका शिक्षकाला आणि ४० मुलांना पुरेल एवढं सामान. युनिसेफ हिला ‘स्कूल-इन-अ-बॉक्स’ म्हणते. भूकंप होवो, पूर येवो की युद्ध पेटो, पहिल्या ७२ तासांत मुलांचा वर्ग पुन्हा भरला पाहिजे, यासाठी ती बनवलेली आहे. १९९४च्या रवांडातल्या नरसंहारानंतर निर्वासितांच्या छावण्यांत अशा संचांवर वर्ग चालले, २००४च्या त्सुनामीनंतर आचेमध्येही पेट्या पोचल्या. दुकानात ही मिळत नाही. कोपनहेगनच्या गोदामातून निघते आणि संस्थांमार्फत मुलांपर्यंत जाते.

मग धुळे-नंदुरबारच्या वाचकाने तिचं परीक्षण कशासाठी वाचायचं? दिवाळी आटोपली की नवापूर, अक्कलकुवा, साक्रीकडची कुटुंबं उचल (आगाऊ रक्कम) घेऊन गुजरातेत बारडोली-सुरतच्या अंगाला ऊसतोडीला निघतात. पोरंही सोबत जातात. तिथे पडावावर, म्हणजे तोडणी टोळ्यांच्या झोपड्यांच्या तळावर, वर्ग बसवायचा ठरलं की कार्यकर्त्यांचा पहिला प्रश्न असतो, सामान काय न्यायचं? युनिसेफच्या पेटीची यादी समोर ठेवली तर निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं खानदेशच्या बाजारातून आणि पडावाच्या वेळापत्रकातून काढावं लागतं.

आधी पेटीत काय आहे ते पाहू. वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्र्या हे नेहमीचं सामान आहेच. शिवाय काटे फिरवता येणारं लाकडी घड्याळ, मोजायला प्लास्टिकचे ठोकळे, हाताने फिरवून किंवा उन्हावर चालणारा रेडिओ, आणि लॅमिनेट केलेले तीन तक्ते: अक्षरांचा, अंकांचा, पाढ्यांचा. झाकणाला आतून लावायला काळा रंग दिलेला असतो, तो लावला की झाकणाचाच फळा होतो. जुन्या पेट्या ८० मुलांच्या हिशेबाने भरत, ४०-४० च्या दोन पाळ्या धरून. दोन पाळ्यांची ही युक्ती पडावावर जशीच्या तशी उचलावी, कारण एका पाळीला सगळी पोरं तिथे कधीच नसतात.

रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे वह्यांना समास नाही. उर्दू-अरबीसारखं उजवीकडून डावीकडे लिहिणारी मुलं आणि आपल्यासारखं डावीकडून लिहिणारी मुलं, दोघांना तीच वही चालते. जगभर एकच पेटी पाठवायची म्हटल्यावर हे शहाणपणाचं आहे. पण सगळ्यांना एकच वही ही गोष्ट आपल्या पहिली-दुसरीच्या मुलाला नडते. देवनागरी अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला लोंबतं. नवशिक्या हाताला वरची आणि खालची अशा दोन्ही रेघा लागतात. म्हणून छोट्यांसाठी दुरेघी, मोठ्यांसाठी एकरेघी आणि गणिताला चौकटीची वही घ्यावी. चौकटीच्या वहीत एका घरात एकच अंक लिहायला लावला की हातच्याच्या बेरजेत एकक-दशक सरकण्याची चूक पुष्कळ कमी होते.

आता फळा. पेटीवर लिहिणारे सगळे झाकणाच्या फळ्याचं कौतुक करतात. प्रत्यक्षात पेटीचा सर्वांत दुबळा भाग तोच. ४० मुलं मांडी घालून बसली की शेवटची ओळ फळ्यापासून पाच-सहा मीटरवर जाते. तिथून दिसायचं तर अक्षर किमान दोन इंचांचं हवं, आणि तेवढ्या अक्षराच्या तीन-चार ओळींतच झाकण भरून जातं. शिवाय झाकण फळा झालं की पेटी दिवसभर उघडी, म्हणजे आत धूळ आणि बाहेर उत्सुक हात.

तरी रंगवायचंच असेल तर नीट रंगवावं. गुळगुळीत पत्रा आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्यायचा आणि तेलकटपणा पुसून काढायचा. मग ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन पातळ हात द्यायचे, पहिला आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. साधा ऑइलपेंट लावू नये. तो चकाकतो, खडू त्यावरून घसरतो आणि उन्हाच्या तिरपेत अर्ध्या वर्गाला काहीच दिसत नाही. जाड हात दिला तर ओल्या फडक्याने पुसताना पापुद्रे निघतात. रंग एक दिवस वाळू द्यायचा. मग खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि त्यानंतरच पहिलं अक्षर काढायचं. ही पायरी गाळली तर पहिल्या दिवशी लिहिलेलं पुसलं तरी महिनाभर धूसर दिसत राहतं. युनिसेफच्या पेटीऐवजी इथल्या बाजारातून घ्यायची ती ट्रंक गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची असते, तिच्यावर रंग धरत नाही. आधी वॉश प्रायमरचा हात लागतो.

पण सरळ सल्ला असा की झाकणाच्या नादाला लागू नका. डी.एड.ची मुलं पाठ घ्यायला नेतात तो गुंडाळी फळा घ्या. तो हलका असतो, हवा तेवढा मोठा मिळतो, ट्रंकेत तिरका मावतो आणि दोन सुतळ्यांनी कुठेही टांगता येतो. फक्त ट्रकच्या फाळक्याला टांगू नका. गाडी भरली की ती कारखान्याकडे जाते, मग तिच्यावर पाढे लिहिलेले असोत की नसोत.

तक्त्यांकडे येऊ. इंग्रजी अक्षरांचा तक्ता इथे फक्त शोभेचा आहे. पाढ्यांचा चालतो, पण आपले अंक देवनागरीत हवेत. पडावावरच्या मुलाच्या कानावर एका दिवसात किती भाषा पडतात ते पाहा. घरात मावची, भिली किंवा पावरी. साक्री-शिरपूरकडची टोळी शेजारी असली तर अहिराणी, ‘तुनं नाव काय शे?’ गावच्या शाळेचं पुस्तक प्रमाण मराठीत आणि पडावाजवळची शाळा गुजरातीत. दुसरीतलं पोर चार महिने गुजराती शाळेत बसलं की परत आल्यावर शिरोरेघ द्यायचं विसरतं, कारण गुजराती लिपीला शिरोरेघ नाही. शिक्षक ‘अक्षर बिघडलं’ म्हणतात. खरं तर ते दोन लिप्यांच्या मध्ये उभं असतं. त्यामुळे तक्ता घरीच बनवावा. जाड कार्डशीटवर एका बाजूला मराठी अक्षर, शेजारी त्याच उच्चाराचं गुजराती अक्षर, खाली चित्र. चित्रं पडावावरची घ्यावी: ऊ उसाचा, क कोयत्याचा, ग गाडीचा, म मोळीचा. जुन्या अंकलिपीतला ऐरणीचा ऐ आणि यज्ञाचा ज्ञ शिकवायला पुढे आयुष्य पडलंय.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत हाच गुंता कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. २०१७ नंतर तिथे बांबूच्या खोल्यांत हजारो शिक्षणकेंद्रं उभी राहिली, सामानही आलं. पण मुलं रोहिंग्या बोलणारी, यजमान देशाची भाषा बंगाली आणि परत जायचं ठरलं तर लागणार बर्मी. म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू व्हायला २०२१ साल उजाडलं. वह्या-पेन्सिली आठवड्यात पोचतात, भाषेचा निर्णय वर्षं खातो. म्हणून ट्रंक भरायच्या आधी टोळी कोणत्या गावची आणि घरात कोणती बोली, एवढं मुकादमाकडून विचारून घ्यावं आणि शक्यतो त्याच बोलीचा, दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी वर्गाला नेमावी. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या बुडितातल्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून करून दाखवलं आहे.

मोजायचे ठोकळे चांगले आहेत, पण आणायची गरज नाही. चिंचोके आणि काड्या पुरतात. इथे पडावावरच्या मुलाकडे एक आयतं ज्ञान असतं, ते वापरावं. हे मूल संध्याकाळी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून त्याच्या पेंढ्या बांधत असतं. त्याला दहा काड्यांची एक जुडी बांधायला द्या. मग जुड्या तीन आणि सुट्या काड्या चार, किती? चौतीस. दशक ही कल्पना समजवायला आणखी काही लागत नाही. ३४ मधून ८ वजा करताना ते आपणच एक जुडी सोडतं, आणि हातचा घेणं म्हणजे काय ते बोटांना कळतं. जुडीला रबरबँड लावू नका, उन्हात चिकट होऊन तुटतात. दोरा चांगला. पाचवीच्या पुढच्या मुलांना काटा पावती वाचायला शिकवावी: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, फरक, दर, त्यातून उचल वजा. या एका गणितासाठी पडावावरचे मोठेही वर्गात येऊन बसतात.

रेडिओ वगळा. पेटी घडली तेव्हा रेडिओ हाच दूरचा शिक्षक होता आणि आजही युद्धग्रस्त भागात त्याचा उपयोग आहे. पण जळगाव किंवा धुळ्याची आकाशवाणी बारडोलीच्या उसात धरवत नाही. घड्याळ मात्र ठेवा.

कात्र्या ४० लागत नाहीत, बोथट टोकाच्या सहा पुरतात. मेणाचे खडू मार्चनंतर पेटीत ठेवू नयेत. पत्र्याची पेटी उन्हात राहिली की सगळे रंग एकत्र वितळून वह्यांना चिकटतात. शार्पनर सगळ्यात आधी गायब होतो. चार शार्पनर सुतळीने ट्रंकेच्या कडीला बांधून ठेवायचे, मूल पेन्सिल घेऊन शार्पनरपाशी जाईल.

युनिसेफच्या यादीत दोन वस्तू नाहीत, आणि त्यांच्यावाचून पडावावर वर्ग चालत नाही. एक चटई. तोडलेल्या उसाच्या रानात खुंट पायात शिरतात आणि सकाळी दव असतं. जळगावची प्लास्टिकची चटई याला उत्तम, धुता येते आणि वाळवी लागत नाही. चार बाय सहाच्या चटईवर सहा मुलं बसतात, म्हणजे ४० मुलांना सात.

दुसरी वस्तू म्हणजे खेळणी, आणि ती शिकणाऱ्या मुलांसाठी नाहीत. दहा वर्षांची मुलगी वर्गाला येत नाही, कारण तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ असतो. आई-बाप पहाटे चारला फडात गेलेले असतात आणि झोपडीत चूल असते, त्यामुळे बाळाला सोडून यायची सोयच नाही. त्या भावाला वर्गात जागा दिली तरच बहीण येते. म्हणून एक चटई आणि एक मदतनीस या लहानग्यांसाठी राखून ठेवा. सोबत चेंडू, झाकणांचे डबे, कापडी बाहुल्या द्या. युनिसेफनेही लहान वयाच्या मुलांसाठी वेगळी पेटी आणि खेळासाठी आणखी वेगळी पेटी केली आहे. मोठ्यांची पेटी घेतली आणि लहानांची विसरली, तर हजेरीत मुली कमी दिसतात आणि कारण कागदावर कुठेच सापडत नाही.

वेळेचंही तसंच. अकरा ते पाच ही शाळेची वेळ इथे चालत नाही. सकाळी नऊ ते साडेअकरा एक पाळी, दुपारी साडेतीन ते साडेपाच दुसरी. मधल्या वेळात मोठी मुलं फडावर भाकरी पोचवायला जातात. सरकारी शाळेत नाव असेल तर दुपारचं जेवण मिळतं, पडावावरच्या वर्गात मिळत नाही. दहा वाजता मुलं पेंगायला लागली तर ती कंटाळलेली नसतात, उपाशी असतात. फुटाणे-गुळाचा डबा ट्रंकेत ठेवावा. उंदरांसाठी झाकण घट्ट हवं.

४० मुलं, नोव्हेंबर ते मार्च, साधारण १०० दिवसांचा वर्ग असं धरलं तर आमचा हिशेब असा बसतो. पेन्सिल एका मुलाला तीन आठवडे पुरते, म्हणजे सात. हरवलेल्या धरून २५ डझन घ्या. १०० पानी वह्या मुलामागे तीन, वर दहा जादा, म्हणजे १३०. रोज तीन खडू धरले तर १०० च्या तीन पेट्या पांढऱ्या आणि एक रंगीत. पाट्या ४५. दगडी पाटी फुटते, पण तिच्यावर अक्षर ठळक उमटतं. पत्र्याची टिकते, पण दोन महिन्यांत ओरखडे पडून धूसर होते. दोन्ही निम्म्या-निम्म्या घ्या आणि पुसायला ओलं फडकं द्या, नाहीतर पाटी थुंकीने पुसली जाणार हे नक्की. ३० बाय १८ बाय १४ इंचांच्या ट्रंकेत हे मावतं. पण सगळं एकदम भरलं तर वजन दोन माणसांनाही जड होतं आणि क्रुझरच्या टपावर चढवताना कडी निसटते. कडी रिव्हेटची असावी, नुसती झाळलेली नको. वह्या दोन हप्त्यांत न्या, अर्ध्या दिवाळीनंतर, अर्ध्या संक्रांतीला. पडावावर ट्रंक दोन विटांवर ठेवा आणि चुलीपासून लांब. पाचटाच्या झोपड्या पेटायला वेळ लागत नाही.

आता पेटीचा खरा रोग, आणि तो जगभर सारखाच आहे: ती उघडली जात नाही. आपल्याकडे त्याला डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, जबाबदार. ट्रंक आली की सगळी यादी डेडस्टॉकला चढते. वर्षाअखेर तपासणीत एक कात्री कमी भरली तर खुलासा कोण देणार? मग कुलूप तसंच राहतं आणि मुलं नव्या वह्यांचा वास कुलपाबाहेरून घेतात. उपाय सोपा आहे. ट्रंक, घड्याळ, फळा, चटया एवढंच डेडस्टॉकला घ्यायचं. वह्या, पेन्सिली, खडू, पाट्यासुद्धा, खर्ची साहित्यात दाखवायच्या आणि पहिल्याच दिवशी वाटून टाकायच्या. कुलपाला दोन किल्ल्या ठेवायच्या, एक शिक्षकाकडे, एक पडावावरच राहणाऱ्या एखाद्या आजीकडे. शिक्षक आजारी पडला किंवा बस चुकली तरी वर्ग भरतो.

पहिल्या दिवशी इयत्ता विचारू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, अशी चार पायऱ्यांची वाचनचाचणी घ्या. ‘प्रथम’ संस्था वर्षानुवर्षं हेच करते. पाचवीतलं मूल शब्दापाशी अडलेलं निघेल आणि दुसरीतलं एखादं गोष्ट वाचेल. गट पायरीप्रमाणे पाडा. एक शिक्षक आणि पाच इयत्ता हे गणित बसत नाही, एक शिक्षक आणि तीन गट हे बसतं.

एकूण दर्जा पाचपैकी साडेतीन. वर्ग दुसऱ्याच दिवशी सुरू करून देण्यात या पेटीला तोड नाही. दीड गुण जातो तो ती गृहीत धरते त्या गोष्टीसाठी: संकट एकदा येतं, मग घडी बसते आणि मूल आपल्या शाळेत परत जातं. आपल्याकडचं संकट दरवर्षी दिवाळीला येतं आणि होळीला जातं. त्यामुळे ट्रंक भरायच्या आधी गावात हंगामी वसतिगृह चालतं का ते पाहावं. शाळकरी मूल आजी-आजोबांपाशी राहून दोन वेळ जेवून आपल्याच शाळेत शिकत असेल, तर पडावावरच्या कोणत्याही पेटीपेक्षा ते चांगलं. ट्रंक आहे ती ज्यांना मागे ठेवणं शक्यच नाही अशांसाठी.

आणि त्यांच्यासाठी ट्रंकेतली सर्वांत महत्त्वाची वस्तू कागदाची आहे. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरातही शिक्षण चालू राहावं म्हणून शाळा देते ते कार्ड, घ्यावं; शाळा सोडल्याचा दाखला काढू नये. दाखला काढला की पटावरून नाव जातं आणि परतल्यावर प्रवेशाचा घोळ पहिल्यापासून. तिकडच्या शाळेत बसवायचं असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ दाखवावं. एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क राज्याबाहेरही आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. दोन्ही कलमांची गुजरातीतली प्रत पत्रकासोबत टाचून ठेवली की बोलणं लवकर मिटतं.

होळीआधीचे भोंगऱ्या बाजार सुरू झाले की पडाव रिकामे होऊ लागतात आणि काठी गावच्या होळीपर्यंत वर्गात कोणी उरत नाही. काही टोळ्या होळीनंतर पडावावर परत येतात, काही येत नाहीत. तेव्हा शेवटची चाचणी भोंगऱ्याच्या आदल्या आठवड्यात घ्या. प्रत्येक मुलासाठी एकच पान करा: किती दिवस हजर, वाचनाची पायरी आली तेव्हा कोणती आणि आता कोणती, वजाबाकी हातच्याची येते की बिनहातच्याची. एक प्रत आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आईकडे, कारण ती पिशवी हरवत नाही. दुसऱ्या प्रतीचा फोटो गावच्या मुख्याध्यापकांना त्याच संध्याकाळी पाठवा आणि पोच घ्या.